मानेवरची जट

पोटुशी असताना वच्छलाचे केस असे काही वाढले की तिची सासू केराबाई शेजारणींना बोलावून दाखवायची. वेणी मुठीत मावत नव्हती. मंद्रूप गाव सोडून सोलापुरात गिरणीच्या चाळीत आलेल्या त्या घरात दाखवण्यासारखं दुसरं होतं तरी काय.

मुलगी झाली आणि तीन-चार महिन्यांत केस जायला लागले. उशीवर केस, पिठात केस, पोरीच्या मुठीत केस. पोरगी रात्री झोपू द्यायची नाही आणि दिवसा अंगावरून खाली उतरायची नाही. पाणी भरायचं, भोंग्याआधी नवऱ्याची भाकरी बांधायची, धुणं उरकायचं. फणी हातात घ्यायला वच्छलाला उसंत नव्हती. आणि घेतली की पुंजकाच हातात यायचा, म्हणून तिनं ती घेणंच सोडलं. केस तसेच गुंडाळायचे, वर पदर ओढायचा.

एका मंगळवारी केराबाई तिला न्हाऊ घालत होती. तिचा हात सुनेच्या मानेवर आला आणि तिथंच थांबला. गळालेले केस उरलेल्यांत अडकून नारळाच्या शेंडीसारखा राठ गोळा झाला होता.

केराबाईनं तांब्या खाली ठेवून हात जोडले.

"यल्लम्मा आली, पोरी. जट हाय ही."

"गुंता झालाय, आत्या. विंचरलं न्हाय म्हून."

"असं बोलू नगं. जटंला फणी लावली की घरावर येतं."

दुपारी तिनं पलीकडच्या गल्लीतल्या अक्कम्माला आणलं. अक्कम्मा जोगतीण. तिची स्वतःची जट कमरेखाली उतरलेली. तिनं वच्छलाच्या मानेवर हळद-कुंकू लावलं आणि येत्या पुनवेला जोगवा मागायची परडी हातात द्यायची म्हणून सांगितलं. "आता ही देवीची. संसार सुटला हिचा." वच्छलाचा नवरा रावजी दाराशी उभा होता. तो बायकोकडं बघत राहिला आणि पाळीची वेळ झाली तसा गिरणीत निघून गेला.

वच्छलाला रडू आलं नाही. केराबाईनं तिला पाण्याला जाऊ दिलं नाही. स्वतः चूल पेटवली, ताट वाढून समोर ठेवलं. "तुमी बसा," म्हणाली. सासूच्या तोंडचं ते 'तुमी' वच्छलानं पहिल्यांदाच ऐकलं आणि ती बसली. मग आडवी झाली आणि दिवस मावळेपर्यंत झोपली. उठल्यावर मनात आलं, होऊ दे काय व्हायचं ते. देवीच्या बाईला निदान कुणी भाकऱ्या बडवायला लावत नाही.

पोरगी तिच्या शेजारी नव्हती. केराबाई तिला मांडीवर घेऊन वाटीतलं दूध बोटानं चाटवत होती.

"आणा हिकडं, भुकेजली आसंल."

"आता वरच्या दुधाची सवय लावते. तुमी परडी घेतली की ही माज्यापाशीच ऱ्हाणार."

 वच्छलानं उठून पोरीला काढून घेतलं आणि पदराखाली धरलं.

सकाळी ती करडीच्या तेलाची वाटी घेऊन उंबऱ्याशी उजेडात बसली. लग्नाआधी ती गिरणीत रिळं भरायला जायची. सुताचा गुंता ओढायचा नसतो, कडेनं सोडवायचा असतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. पण मानेमागं हात धरून धरून दंड भरून येत होते. थोडं सोडवायचं, हात मांडीवर टाकायचे, परत उचलायचे.

केराबाई बाहेर आली आणि जागीच उभी राहिली.

"काय करतीस हे? कोप हुईल की."

"हुंद्या. बघा, सुटतंय ते. देवीचं आसतं तर सुटलं आसतं का?"

केराबाईनं वाकून बघितलं. गोळ्यातून बोटभर केस मोकळे होऊन लोंबत होते. ती शेजारी बसली.

"माज्या थोरल्या भनीला आशीच आली हुती," ती म्हणाली. "दुसऱ्या बाळंतपणात."

"मग?"

"सोडली तिला देवीला. आमी कुणी हात लावून बघितलाच न्हाय."

 वच्छलाचे हात पुन्हा खाली आले होते. केराबाईनं वाटी आपल्याकडं ओढली, बोटं तेलात बुडवली आणि सुनेच्या मागं सरकून बसली.  मधूनच ती यल्लम्माचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायची. वच्छलाचं डोकं हळूहळू सासूच्या गुडघ्याला टेकलं आणि बसल्या बसल्याच तिला झोप लागली.

दुपारपर्यंत जट सुटली. निम्मे केस हातात आले. राहिलेल्यांची वेणी करंगळीएवढी झाली आणि भांगाजवळची कातडी दिसू लागली.

पुनवेला अक्कम्मा परडी घेऊन आली. केराबाईनं तिला सूपभर जोंधळे वाढले आणि खाली बघत सांगितलं, "गुंता हुता, अक्कम्मा." अक्कम्मानं वच्छलाच्या मोकळ्या मानेकडं बराच वेळ बघितलं, जोंधळे झोळीत घेतले आणि पुढच्या दारी गेली.

केस पुढंही महिना-दोन महिने गळत राहिले. केराबाई पुन्हा वच्छलाला 'ए' म्हणू लागली, पाण्याला पाठवू लागली. फक्त सकाळी भाकऱ्या झाल्या की ती फणी घेऊन दाराशी बसायची आणि हाक मारायची, "ये गं, वच्छे."