पाऊण वाटीचं निम्मं

माझी बायको कंचन गेल्यापासून आमच्या भावनगरच्या घरात सुखडी झाली नव्हती. रविवारी मीच करायला घेतली. तिचं माप मला पाठ होतं. एक वाटी पीठ, पाऊण वाटी गूळ आणि पाऊण वाटी तूप. पण डब्यात पीठ निघालं अर्धीच वाटी.

"मग गूळ, तूपही अर्धी अर्धी वाटी घेऊ," मी म्हणालो.

पाचवीतली माझी नात हेत्वी हसायलाच लागली. "दादा, आमच्या वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला! पाऊणचं निम्मं करायचं. वाटीचे आठ भाग, त्यातले तीन."

"तेवढी वाटी आणू कुठून?"

तिने पाऊण वाटी किसलेला गूळ ताटात पसरला, बोटाने मधोमध रेघ ओढली आणि निम्मा परत डब्यात टाकला. पाऊण वाटी तूप दोन सारख्या पेल्यांत सारखं ओतलं आणि एक पेला मला दिला.

तुपात पीठ भाजून मी गॅस बंद केला आणि मगच गूळ घातला. कंचन, म्हणजे हेत्वीची बा, तसंच करायची. वड्या कापल्यावर हेत्वीने एक तोंडात टाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बा करायची तश्शीच!" ती ओरडली. "पण एवढीशी कुणाला पुरणार, दादा?"

"चल गिरणीवर," मी हसत चपला घातल्या. "आता पूर्ण मापाची करू."