डावीकडचा तीळ

अंगठ्याच्या पेरावर पोलादाचा एक कीस येऊन बसला होता – पापणीच्या केसाएवढा, टोकाशी वळलेला – आणि आन्सेल्म पेकूल तो फुंकून टाकायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिला होता, कारण किसाकडे बघितलं की शेजारच्या कागदाकडे बघावं लागत नव्हतं. कागदावर सकाळीच काढलेला कच्चा ठसा होता. नव्या तिकिटाचा. द्राक्षतोडणीची बाई, डोक्याला रुमाल, कमरेवर टोपली... आणि टोपलीच्या वर चक्क ओर्तांस. त्याची बायको. हनुवटी तिची, 'थापा मारू नकोस' असं न बोलता म्हणणाऱ्या भुवया तिच्या, आणि गालावर तो तीळ.

टपाल खात्याच्या समितीने बजावून सांगितलं होतं की चेहरा कुणाचाच नको. जिवंत माणसाचा तर नाहीच. तशी प्रथाच नव्हती. तिकिटावर यायचं तर आधी मरावं लागे, आणि आन्सेल्मने आयुष्यभर मेलेलीच माणसं कोरली होती – मेलेले रसायनशास्त्रज्ञ, एक मेलेला बिशप, मधूनमधून पूल. लग्न झालं तेव्हा ओर्तांस म्हणाली होती, एकदा मला काढ ना. त्याने प्रथा समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी मरायची वाट बघत बसायची." पुढे ट्राउट माशाचं तिकीट निघालं तेव्हा तो मासा तिच्याच पाटावर नमुना म्हणून दिवसभर पडून होता, आणि संध्याकाळी तो तळताना ती म्हणाली होती की मेल्यावर माशाचंसुद्धा नशीब उघडतं, माझंच बघायचं राहिलंय.

आणि आता हे. पण मी मुद्दाम केलं नाही, देवाशपथ नाही... भिंगाखाली चेहरा दिसतच नाही मुळी. दिसतो गालाचा एक कोपरा, त्यावरच्या चार रेघा. दुसऱ्या दिवशी नाकपुडी. चेहरा कळतो तो शाई भरून कागदावर दाबल्यावर. शिवाय पोलादावर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे छापताना सुलटं होतं. त्यासाठी तो चित्र आरशासमोर ठेवून आरशात बघत कोरायचा. या बाईचं चित्र नव्हतंच. हात आपला आपण चालला होता, आणि हाताला जो चेहरा पाठ होता तोही आरशातलाच – मालाकोफ गावातल्या या टीचभर घरात न्हाणीतला आरसा एकच, रोज सकाळी तो दाढी करायचा आणि मागे उभी राहून ती केसांत आकडे खोचायची, आणि दोघांचं दिवसभराचं बोलणं, भांडणंसुद्धा, त्या आरशातच उरकून जायचं. तीळ कोरताना तो रुमालाची सावली समजून खूश झाला होता, काय गाढव होता!

उद्या मस्यू व्होत्रेल पोलादाचा ठोकळा न्यायला येणार. समितीचा माणूस. दर महिन्याला येऊन ओर्तांससमोर बसून तिच्या हातचा मोहरीतला ससा चापणारा, दोनदा वाढून घेणारा. तो ओळखणार नाही? ओळखला की तिकीट रद्द, आणि काम देल्मोतकडे – खात्याच्या त्या दुसऱ्या कोरणाऱ्याकडे, जो सगळ्या बायकांना एकच नाक देतो. डोळ्यांच्या डॉक्टरने तर सांगूनच टाकलं होतं की हे शेवटचं. म्हणजे आयुष्यातलं शेवटचं तिकीट, तेही देल्मोतच्या नाकाचं.

उपाय सोपा होता. खरवडणीने तीळ घासून काढायचा, भुवया किंचित नरम करायच्या. जेवणाआधी उरकलं असतं. त्याने खरवडणी उचलली, ठेवली, पुसली, पुन्हा उचलली. ठोकळ्यावरचा तीळ भिंगात एवढा मोठा दिसत होता, आणि त्याला एकाएकी असं वाटलं की खरवडलं तर तिला दुखेल. म्हातारचळ, दुसरं काय.

"जेवायला येतोस की कोरून आणू?" म्हणत ओर्तांस आत आली आणि त्याने हात आडवा घालायच्या आत तिने ठसा उचलला.

सकाळपासून त्याने या क्षणाची तयारी केली होती. ती रडली तर काय म्हणायचं, हसली तर, बेकरीतल्या सोलांजला सांगायला धावली तर तिला कसं अडवायचं... तिने कागद लांब धरला, जवळ धरला.

"कोण ही?"

तो कसाबसा म्हणाला की कुणी नाही, कल्पनेतली आहे.

"कल्पनेतलीला तीळ कशाला लागतो? सोलांजला आहे असा तीळ. म्हणूनच हल्ली पाव आणायला स्वतः जातोस वाटतं."

गप्प बसलो तर वाचलो, त्याच्या मनात आलं. तिनेच ओळखलं नाही तर व्होत्रेल कसला ओळखतोय! पण मग सोलांजचा संशय डोक्यावर बसणार, उरलेलं आयुष्य दुसऱ्या बेकरीचा शिळा पाव...

"अगं, तू आहेस ही."

"मी?" तिने डाव्या गालावर बोट ठेवलं. "माझा तीळ इकडे. हिचा बघ, पलीकडे. आणि हिचं नाक वाकडं आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा असंच केलं होतं त्या मेल्या फोटोवाल्याने."

लग्नाचा फोटो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो का, हे आन्सेल्मला आज कळलं. तिनेही स्वतःला आरशातच पाहिलेलं. जन्मभर. त्याने ठोकळा तिच्या हातात दिला, भिंग दिलं. ती खिडकीशी गेली. पोलादावर तीळ डावीकडे होता, आरशात दिसतो तसा. बराच वेळ ती वाकून बघत राहिली, नंतर तिने, नकळत, केस सारखे केले.

"हं. ही मी," ती म्हणाली. "मग कागदावरची?"

"तीही तूच. लोकांना दिसतेस ती."

"आणि तुला?"

त्याने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं असायला हवं होतं... सकाळी ती आरशात असते. दुपारी समोर असते, पण दुपारी त्याचं लक्ष वाडग्यातल्या सुपात असतं. तिने ठोकळा जपून टेबलावर ठेवला.

"उद्या मी बहिणीकडे जेवते," ती म्हणाली. "ससा करून ठेवीन. व्होत्रेलने विचारलं कोण, तर सांग, होती एक. गेली केव्हाच." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ती स्वयंपाकघरात गेली.

गेली केव्हाच. व्होत्रेलसमोर हे तोंडातून निघेल का माझ्या? प्रथेप्रमाणे तिला तिकिटावर यायची वाट एकच होती, आणि त्या वाटेने ती जाईल ही भीती किती दिवस याच टेबलाशी बसून होती, कुणास ठाऊक. हातानेच ती भीती आधी ओळखली आणि तो प्रथा मोडून मोकळा झाला. आता खरवडायचं की राहू द्यायचं, हे काही त्याला ठरवता येईना. आतून पळीचा आवाज आला, आणि सूप गार झालं तर मी पुन्हा गरम करणार नाही, अशी हाक.

त्याने डोळे मिटून तिचा चेहरा आठवून पाहिला. तीळ एकदा इकडे आला, एकदा तिकडे. मग अंगठ्यावरचा कीस फुंकून तो उठला, आणि खरवडणी हातात तशीच घेऊन, तिला एकदा नीट समोरून बघायला म्हणून स्वयंपाकघराकडे निघाला.