एका कोरची पेटी

"ताई, तुमची पेटी आज अडकली होती," मोरेश्वर गायधने फोनवर सांगत होता. "हिरवा दिवा चालू, पण टॉर्च दाखवला तं हूं नाही का चूं नाही. बंद करून चालू केली, मंग झाली बरोबर."

दिवाळी होऊन आठवडाच झाला होता. सौंसरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती, आणि मोरेश्वर तिथला फिटर होता. वृषाली कळंबे पांढुर्ण्याला आपल्या घरी, वरच्या खोलीत बसून काम करायची. नागपूरला शिकताना वर्गात असलेल्या योगेशने छोटी कंपनी काढली होती. ती कंपनी एकच वस्तू बनवायची: कापूस वाहून नेणाऱ्या पाइपात ठिणगी दिसली की पंखा बंद करून पाणी सोडणारी पेटी. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला की ठिणगी उडते, आणि ती कापसाच्या गंजीपर्यंत पोचली की मग कोणाच्या हातात काही राहत नाही. पेटीतल्या संगणकाला पाइपावरच्या डोळ्याशी, म्हणजे ठिणगी टिपणाऱ्या सेन्सरशी, बोलायला जो प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो वृषालीने लिहिला होता.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मोरेश्वर खूप हसला होता. "ड्रायव्हर? मंग याले लायसन कोणं देल्लं?" तेव्हापासून तो तिला दर दोन-चार दिवसांनी फोन करायचा. कधी पेटीचं सांगायचा, कधी धनश्रीचं, म्हणजे आपल्या अकरावीतल्या मुलीचं, की तिलाही पुढं कम्प्युटरच शिकवायचं आहे. वृषालीच्या कामावर इतका भरवसा टाकणारा माणूस तिला दुसरा भेटला नव्हता.

पेटी का अडकली हे तिला तासाभरात कळलं. नव्या पेट्यांत दोन कोर होते, म्हणजे एका वेळी दोन कामं करू शकणारा प्रोसेसर. तिचा ड्रायव्हर त्याच हिशोबाने लिहिलेला होता: एक कोर डोळ्याकडून माहिती घेतो आणि दुसऱ्याचं काम होईस्तोवर जागेवर थांबतो. पण सौंसरच्या जिनिंगसारख्या अकरा ठिकाणी पहिल्या वर्षीच्या जुन्या पेट्या होत्या, आणि त्यांत एकच कोर. यंदा जुने डोळे मिळेनात म्हणून नवे बसवले, आणि त्यांच्यासोबत नवा ड्रायव्हरही जुन्या पेट्यांत गेला. तिथे थांबणाराच सगळी जागा अडवून बसायचा. ज्याच्यासाठी तो थांबला, त्याची पाळीच यायची नाही. रोज नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा अशी गाठ पडायची. हिरवा दिवा मात्र तसाच जळत राहायचा.

"एका कोरची सोय करावी लागेल," ती योगेशला म्हणाली.

"कर ना. पण आधी गुजरातची ऑर्डर जाऊ दे. अकराच तर पेट्या आहेत."

तिलाही ते पटलं. खरं तर योगेशने अडवलं नव्हतं. काम छोटं होतं आणि म्हणूनच ते उद्यावर जात राहिलं.

"मोरेश्वरभाऊ, जानेवारीत नवीन प्रोग्राम पाठवते," तिने सांगितलं. "तोवर रोज सकाळी पेटी एकदा बंद करून चालू करत जा."

"करतो ना. तुमी म्हणता तं करतो."

आणि तो करत राहिला. मध्येच व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज यायचा. "ताई, आज पुन्हा अडकली होती. तुमी सांगतलं तसं केलं." डिसेंबर गेला. जानेवारीचा पहिला आठवडा गेला, दुसराही.

सतरा तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला जिनिंगमध्ये आग लागली. गंजीच्या खोलीत दोन बाया काम करत होत्या. मोरेश्वर आत शिरला, त्यातल्या कुसुमला ओढून बाहेर काढलं आणि दुसरीसाठी परत आत गेला. दुसरी मागच्या दारानं केव्हाच बाहेर पडली होती. ते त्याला सांगायला कोणी पोचू शकलं नाही. चौथ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

वृषाली मातीला गेली. गर्दीच्या मागे उभी होती. पुढे जिनिंगचीच दोन माणसं हळू आवाजात बोलत होती.

"पेटी त्यानंच बंद ठेवली होती म्हणते."

"मंग काय! रोज सकाळी बंद करे. म्या सोता पाह्यलं."

आपण पुढं होऊन बोलावं असं वाटलं, पण ती मागच्या मागे वळली. ती तशीच बसस्टँडवर आली आणि पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली.

घरी कपाटात तशीच एक जुनी पेटी पडलेली होती. तिने ती टेबलावर मांडली, तोच डोळा जोडला, तोच प्रोग्राम घातला आणि चालू करून ठेवली. ठिणगी म्हणून दर तासाला टॉर्च दाखवायची. बाबा जेवायला हाका मारायचे, तर ताट वरच मागवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिने टॉर्च दाखवला आणि काहीच झालं नाही. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. पुन्हा दाखवला. पुन्हा काही नाही. तेव्हा ती टेबलावर डोकं टेकवून रडली. आग लागल्याचं कळल्यापासून तिला रडू आलं नव्हतं.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. सुरू होतानाच ड्रायव्हरने विचारायचं की कोर किती आहेत. एकच असेल तर जागा अडवून थांबायचं नाही, बाजूला होऊन दुसऱ्याला काम करू द्यायचं. आणि एवढं करूनही पेटी अडकलीच, तर तिनं स्वतःहून पंखा बंद करून लाल दिवा लावायचा. बदललेल्या ओळी चाळीसही नव्हत्या.

मग तिने योगेशला फोन केला.

"वृषाली, पेटी जळून कोळसा झाली आहे," तो म्हणाला. "कोणी आपल्याला विचारून नाही राहिलं. जिनिंगच्या मॅनेजरने लिहून दिलं की ती बंद होती. तू कशाला आपल्या अंगावर घेते?"

"ती बंद नव्हती."

"तुला काय माहीत?"

"मोरेश्वरभाऊंनी सकाळीच बंद-चालू केली असणार. मी सांगितलं होतं तसं. ते एक दिवस चुकले नाहीत, योगेश. चुकली मी."

योगेश म्हणाला, "बारा माणसं आहेत आपल्याकडे. त्यांचाही विचार कर." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती खोटी नव्हती. तरी वृषालीने दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षकाच्या नावे पत्र लिहिलं, मोरेश्वरचे सगळे निरोप त्याला जोडले आणि छिंदवाड्याला स्वतः नेऊन दिलं. तिथून ती सौंसरला मोरेश्वरच्या घरी गेली.

त्याची बायको छायावहिनी ओसरीवर बसली होती. धनश्रीनं पाणी आणून दिलं. वृषालीनं ते हातातच धरून सगळं सांगितलं, त्याच्या आवाजातल्या निरोपांसकट, काही न लपवता, साध्या शब्दांत.

"म्हंजे यायनं बंद नोती केली?" छायावहिनीनं विचारलं.

"नाही. चालू होती, पण अडकून पडली होती. रोज सकाळी बंद-चालू करा हे मीच सांगितलं होतं."

"लोकं तं म्हणते का यायच्याच हातानं झालं. माह्या सासूलेबी तेच वाटून राह्यलं. जेवत नाही ते."

दाराला टेकून उभी असलेली धनश्री पहिल्यांदा बोलली. "किती दिवसाचं काम होतं ते?"

वृषालीनं खाली पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. "दीड दिवसाचं."

धनश्री तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग आत निघून गेली. आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

"तुह्याजोळ त्यायचा आवाज हाय म्हणते," थोड्या वेळानं छायावहिनी म्हणाली. "आमच्याकडं फोटो हायेत. आवाज नाही."

वृषालीनं फोन पुढं केला. ओसरीवर मोरेश्वर बोलू लागला, मागे मशिनीची घरघर, मध्येच कोणाला तरी "अबे, पट्टा पाह्य!" म्हणून ओरडणं. "ताई, आज पुन्हा अडकली होती. तुमी सांगतलं तसं केलं. आरामात होऊ द्या तुमचं, मी हाओ ना इथं." छायावहिनीनं पदर तोंडाशी धरला.

"अखीन एकदा लाव."

तो निरोप सहा वेळा वाजला. चौथ्यांदा धनश्री परत येऊन आईला टेकून बसली होती. वृषालीनं सगळे निरोप धनश्रीच्या फोनवर पाठवून दिले.

निघताना ती म्हणाली, "वहिनी, मी पत्र दिलं आहे. सरकारी कागदावर खरं ते येईल."

"कागदाचं मी काय करू? जिथं लोकं बोलले, तिथं सांग."

मार्चमध्ये निरीक्षकाचा अहवाल आला. पेटी चालू होती आणि प्रोग्राममधल्या दोषामुळे अडकली होती, असं त्यात लिहिलं होतं. योगेशच्या हातून गुजरातची ऑर्डर गेली. त्यानं वृषालीला एवढंच लिहिलं की आता सोबत काम करणं व्हायचं नाही. अकरा पेट्यांचं जानेवारीतच सुरू झालेलं काम मात्र त्यानं तिलाच पुरं करू दिलं. ती बसनं गावोगाव फिरली आणि प्रत्येक ठिकाणी चार-चार दिवस राहून, टॉर्च दाखवत, पेटी अडकत नाही याची खात्री करून मगच उठली.

सौंसरचं जिनिंग शेवटी ठेवलं होतं; जळालेल्या पेटीच्या जागी तिथं तिच्या टेबलावरचीच जुनी पेटी बसली. पाळी बदलताना मॅनेजर भूपेंद्रनं सगळ्यांना फाटकाशी थांबवलं. "माझ्याकडून लिहिण्यात चूक झाली," असं म्हणून तो बाजूला झाला. मग वृषाली बोलली. मोरेश्वरभाऊंनी पेटी बंद ठेवली नव्हती, ती रोज सांभाळली होती, आणि जे करायचं राहिलं ते आपल्याकडून राहिलं, इतकंच. तिला वाटलं होतं कोणी शिव्या देईल. पुढं उभी असलेली कुसुम मात्र हुंदके देऊन रडू लागली, आणि बाजूच्या बाईनं तिला जवळ घेतलं.

रस्त्यापलीकडे छायावहिनी सासूचा हात धरून उभी होती. बोलणं संपल्यावर तिनं म्हातारीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. म्हातारीनं होकारार्थी मान हलवली. मग दोघी हळूहळू घराच्या वाटेला लागल्या. वृषाली पाहत होती, पण त्यांच्यापैकी कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.