साबणाचा लाल डाग

"येताना कपड्यांची पावडर आण," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या बाटल्यांत माझं अख्खं पाकीट गेलं."

मी दारात एका पायात चप्पल घालून उभी होते. दुसरी घालायची राहूनच गेली.

"आई, बाटल्या पावडरने धुतल्या होत्या तुम्ही?"

"मग काय नुसत्या पाण्याने? केवढी माती बसली होती! तू तापाने फणफणलेली. म्हटलं, पोरीचं तेवढं काम तरी उरकू."

त्यांचं काय चुकलं? चूक असलीच तर माझी. मी मातीत काय काय आहे ते तपासते. सखल भागातलं आमचं जंगल वरून हिरवंगार, झाडं बघताना मान मोडते, पण खालची माती कंगाल. त्यातही फॉस्फरसची फार बोंब. तो कुठे किती आहे याचा नकाशा करायला आम्ही वर्षभर चिखल तुडवला, पायांना चिकटलेल्या जळवा उपटल्या. आणि आमच्या घरच्या पावडरीत नेमका तोच ठासून भरलेला, वर कितीही विसळलं तरी बाटलीला चिकटून राहणारा.

लॅबचं पाणी बंद पडलं तेव्हा मी बाटल्यांचा क्रेट घरी आणला होता. त्या लख्ख बाटल्यांत नंतर पूर्वेकडची माती तपासली गेली, आणि नकाशावर पूर्वेला भलामोठा लाल डाग उमटला. लाल म्हणजे श्रीमंत माती. सगळे हरखले. या नकाशावर तुला नोकरीत कायम करून घेतो, असं साहेब म्हणाले. सासूबाईंनी तर त्याची प्रत स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या सूनबाईंचा डाग" दाखवायला लागल्या.

आज दुपारी रस्त्याची बैठक होती. रस्ता जंगलातून जाणारच होता. पूर्वेकडून की पश्चिमेकडून, एवढंच ठरायचं होतं. लाल डाग वाचवायचा, म्हणून पश्चिमेकडची झाडं पाडायची, असं जवळजवळ नक्की झालं होतं. नक्की झालं होतं ते माझ्या नकाशावरून.

 बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत होते. कोरी चाचणी केली होती ना आपण? म्हणजे बाटलीत माती न घालता नुसतं शुद्ध पाणी तपासायचं. त्यात काही निघालं नाही, तर बाटल्या स्वच्छ. आणि काहीच निघालं नव्हतं. जरा हायसं वाटलं. मग आठवलं, कोरी चाचणी आम्ही सवयीने लॅबमधल्या एकाच जुन्या बाटलीत करतो. ती बाटली कधी लॅबबाहेर गेलेलीच नाही.

लॅबमध्ये पोचले. त्या क्रेटमध्ये काही बाटल्या वापराविना उरल्या होत्या. त्यातली एक घेतली, शुद्ध पाणी भरलं, खळखळून हलवलं, वर रसायन टाकलं. फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. वर्षभर मी या निळ्यासाठी जीव टाकला होता. आज म्हणत होते, नको रे बाबा, नितळच राहा.

निळं झालं. आत चिमूटभर माती नव्हती आणि पाणी निळंशार. दुसरी बाटली घेतली. तीही तशीच.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. हा विचार मनात आला, आणि चांगला ठाण मांडून बसला. मग पश्चिमेकडची ती झाडं डोळ्यांपुढे आली, ज्यांच्या बुंध्याला टेकून आम्ही डबे खाल्ले होते. स्वतःचाच संताप आला. बाटली उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेले. ते नकाशाची गुंडाळी करत होते.

"साहेब, तो लाल डाग मातीचा नाही. साबणाचा आहे."

ते हसले. मी निळी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, तेव्हा हसू मावळलं.

"कुणी धुतल्या होत्या?"

नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. "कोरी चाचणी याच बाटल्यांत करायला हवी होती. मी केली नाही," मी म्हणाले.

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "माती शिल्लक आहे?"

"आहे."

"मग पुन्हा तपास. बैठक मी पुढे ढकलतो. आणि कायम होण्याचा विषय आता काढू नकोस."

येताना दुकानात थांबले. पावडरीचं पाकीट हातात घेतल्यावर भांडायचे शब्दही जुळवले.

"काय, बैठकीत पसंत पडला का आपला डाग?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

मी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि सांगून टाकलं. भांडणाचा एकही शब्द आठवला नाही. त्या स्टुलावर टेकल्या.

"म्हणजे त्या डागात माती नव्हतीच?"

"थोडी होती."

"बाकी मी होते." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "आणि तुझी नोकरी?"

"माहीत नाही, आई." मला रडू आलं.

त्यांनी उठून नकाशा अलगद काढला. चिकटपट्टीचे डाग भिंतीवर राहिले. सवयीने त्यांचा हात पावडरीच्या पाकिटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हे नुसत्या पाण्याने पुसू ना गं?" त्यांनी विचारलं.