सासूबाईंचं बारीक वाण

आमच्या गल्लीत माशांची पिल्लं तयार करणाऱ्या हॅचऱ्या ओळीनं आहेत आणि भांडणंही ओळीनंच. पाण्याच्या पाइपावरून, गाडी लावण्यावरून, एकमेकांचा कामगार फोडण्यावरून. पण एका बाबतीत कुणी हात आखडता घेत नाही. पिल्लांना चारायचे जिवंत जीव टाकीत एकाएकी मरतात, त्याला आम्ही कल्चर बसलं म्हणतो. कुणाचं कल्चर बसलं की तो रिकामा कॅन घेऊन शेजारी जातो आणि शेजारी, मग वैरी का असेना, तो भरून देतो. पैसे नाहीत की चौकशी नाही. शेजारणीकडे विरजण मागावं तसं.

या जिवांना रोटिफर म्हणतात. नुसत्या डोळ्यांना पाण्यात धूळ तरंगल्यासारखी दिसते, एवढंच. त्यांची आमची खोली सासूबाईंनी उभी केली आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. गल्लीनं कॅन भरून नेले ते आमच्याकडून. मी कधी कुणापुढे कॅन धरला नव्हता आणि त्याचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू.

यंदा तो उतरला. सासूबाईंनी वाढवलेल्या माशांपैकी एकच मादी आता उरली आहे, आम्ही तिला म्हातारी म्हणतो. या मोसमात तिनं दोनदा अंडी दिली, पिल्लं छान निघाली आणि खायला तोंड उघडल्यावर एका दिवसात मरून तळाला जाऊन बसली. टाकीत खाद्य ओसंडून वाहत होतं आणि पिल्लांची पोटं रिकामी. नवरा म्हणाला, "तुझ्या खोलीतच काहीतरी बिघडलंय." मी म्हटलं, "मग तुम्ही भरवा चमच्यानं." तोवर म्हातारीनं तिसऱ्यांदा अंडी दिली, मूठभर. यापुढे ती देणार नव्हती. ही पिल्लं गेली असती, तर सासूबाईंची मासळी संपली असती.

सूक्ष्मदर्शकातून बघून माझे डोळे दुखले. रोटिफरांत मोठी आणि लहान अशा दोन जाती, आमच्या पिल्लांच्या बारीक तोंडात लहानच मावते. काही जीव मोठे, काही लहान, नेहमीसारखंच. शेवटी धाकट्या नणंदेला नमुना पाठवला. ती जनुकांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. घरात तिचं आणि माझं पटत नाही, मिठावरूनसुद्धा पटत नाही, पण कामात ती बावनकशी. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"वहिनी, तुझ्याकडे लहान जात उरलेलीच नाही. सगळी मोठी जात आहे."

"मला लहान दिसतात की. रोज बघते मी."

"ती मोठ्या जातीची तान्ही आहेत. दिसायला सारखी, पण दिवसभरात वाढतात आणि मग पिल्लांच्या तोंडात मावत नाहीत. गेल्या थंडीत तुझा हीटर बिघडला होता ना? गारव्यात मोठी जात फोफावते आणि लहान मागे पडते. डोळ्यांनी कुणालाच कळलं नसतं, स्वतःला बोल लावून घेऊ नकोस."

लग्न झाल्यापासून तिनं मला दिलेलं हे पहिलं सर्टिफिकेट. ते मिरवायला वेळ नव्हता, कारण पिल्लं त्याच सकाळी निघाली होती आणि दोन दिवसांत तोंड उघडून खायला मागणार होती.

नणंद संध्याकाळी नमुन्याच्या बाटल्यांचा खोका घेऊनच आली. मी दारोदार हिंडले. सगळ्यांनी बाटल्या भरून दिल्या आणि नणंदेनं त्या रातोरात प्रयोगशाळेत तपासल्या. सगळीकडे मोठीच जात, कारण थंडीनंतर सगळ्यांनी ती माझ्याकडूनच नेलेली. त्यांच्या माशांची पिल्लं थोराड तोंडाची, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

"आता एकच दार राहिलं," नणंद सकाळी परत येऊन म्हणाली.

ते दार बोलक्यांचं. शब्द मोजून वापरतात म्हणून गल्लीनं त्यांचं नाव बोलके पाडलं आहे. एकेकाळी ते सासूबाईंच्या हाताखाली होते. मग आमचं काम सोडून त्यांनी समोरच स्वतःची हॅचरी काढली. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा उल्लेख फितूर असाच व्हायचा.

"मी मेले तरी त्या दारात जाणार नाही," मी म्हणाले.

"तू नाही मरणार, वहिनी. पिल्लं मरतील."

मी गेले. बोलक्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, भरली, पुसली आणि परत दिली. का, कशाला, काही नाही. मी तयार ठेवलेली सगळी उत्तरं तोंडातच राहिली.

त्याच दिवशी दुपारी नणंद फोन करायची सोडून स्वतःच आली. हातात छापील कागद होता आणि डोळे लाल.

"लहान जात आहे. एकदम शुद्ध," ती म्हणाली. "आईच्या वेळचा एक नमुना मी स्पिरिटमध्ये घालून ठेवला होता. त्याच्याशी ताडून पाहिलं. वहिनी, हे आईचंच वाण आहे."

ती खुर्चीत बसून मनसोक्त रडली. मी तिला पाणी दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या क्षणी आम्हा दोघींत मिठाचा विषय कुठेच नव्हता.

मोठा कॅन घेऊन मी परत समोर गेले आणि बोलक्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मी निघालो तेव्हा बाईंनीच दिलं होतं. म्हणाल्या, गरम जागी ठेव, दुसऱ्या कुणाचं यात मिसळू नकोस."

म्हणजे सासूबाईंनी फितुराला स्वतःच्या हातांनी वाण बांधून दिलं होतं आणि आम्हाला त्याचा थांगपत्ता नव्हता. माझा कॅन बघून बोलक्यांनी मान हलवली.

"एवढ्यानं काय होणार? तोंड उघडलं की दिवसातून चारदा लागेल. तुम्ही जा, वहिनी. मी आणतो."

पहाटे ते ढकलगाडी घेऊन आले. मग परत आले, मग आणखी एकदा. कॅनवर कॅन आमच्या टाकीत रिते करत होते आणि मी नळ्या धरून उभी होते. उन्हं वर आल्यावर मी एक पिल्लू भिंगाखाली घेतलं. काचेसारखं आरपार अंग आणि मधोमध भरलेलं, गडद पोट. मी नवऱ्याला हाक मारली, नणंदेला हाक मारली, पोस्टमन आला होता त्यालाही दाखवलं. तो बिचारा 'हो हो' म्हणाला.

आठवडा गेला. पिल्लं मोठी होऊन पुढच्या खाद्यावर गेली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बोलक्यांचे कॅन घासूनपुसून मी परत करायला गेले. त्यांच्या खाद्याच्या खोलीत टाक्या पालथ्या घालून वाळत ठेवल्या होत्या. खिडकीपाशी एका बरणीत हवेची नळी बुडबुडत होती आणि बरणीत हिरवट पाणी. बाकी खोली रिकामी. मी पुढच्या दालनात डोकावले. तिथली पिल्लांची टाकीही कोरडी होती.

"तुमच्या माशांनीही अंडी दिली होती ना याच आठवड्यात?" मी विचारलं.

"दिली होती."

"मग पिल्लं?"

बोलके बरणीतली नळी नीट करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दोघांना पुरलं नसतं," ते म्हणाले. "माझ्या माद्या तरण्या आहेत, पुढच्या महिन्यात परत देतील. बाईंची म्हातारी कुठून देणार होती?"

मी हातातले कॅन खाली ठेवले. "बोलके, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही," मी म्हणाले.