लाईट कंपनीचे दहा कागद

हे लिहायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. हेव्याची गोष्ट सांगायला बसलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याकडंच संशयानं बघतो. पण कुंडलिक स्वतःच म्हणाला, लिही की, नाव बी घाल. मग टाकलं लिहून.

कुंडलिक आणि धुळाप्पा नवी पेठेतल्या एका कापड दुकानात गादीवर बसून कापड दाखवायचे. कुंडलिक जेऊरचा, धुळाप्पा अक्कलकोटकडचा. दोघं बरोबरच कामाला लागले, एका डब्यात जेवले. कुंडलिकची जीभ गोड आणि हात त्याहून गोड. तागा असा उलगडायचा की बाया साडी बघायला येऊन परकराचं कापडसुद्धा घेऊन जायच्या. धुळाप्पा त्याच्याच हाताखाली शिकला.

बासष्ट साली शेठनं थकलेला बोनस एकदाचा दिला, पण रोख नाही. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं एका वीज कंपनीचे शेअर शेठच्या गळ्यात मारले होते, ते शेठनं या दोघांच्या गळ्यात मारले. प्रत्येकी दहा. वर म्हणाला, "म्हैस दिली समजा. दरसाल दूध देईल."

दूध आलं खरं. कंपनीचा डिव्हिडंड पोस्टानं आला, बँकेत वटला. कुंडलिकनं मटण आणलं, बायकोला, वच्छलाला, साडी घेतली, दोघं टॉकीजला जाऊन आले. धुळाप्पानं त्या पैशात पगारातली थोडी भर घातली, दलालाच्या कारकुनाला गाठलं आणि त्याच कंपनीचा आणखी एक शेअर घेतला.

"कागदाला कागद लावतंय येडं," कुंडलिक दुकानात सगळ्यांना सांगायचा. "संक्रांतीला पतंग करून उडवणार हाय."

दोन वर्षांनी कुंडलिकला मनगटी घड्याळ पाहिजे झालं, आणि रेडिओ. कागद विकायला काढले. दलालाकडं जायचीही गरज पडली नाही. धुळाप्पानंच घेतले, चालू भावानं, रोख. बायकोच्या, दाक्षायणीच्या, सोन्याच्या पाटल्या मोडल्या त्यासाठी. कुंडलिकला त्या दिवशी धुळाप्पाची दया आली. बायकोचा हात रिकामा करून कागद घेतो, म्हणजे काय म्हणावं.

मग वर्षं गेली. कुंडलिकच्या रेडिओभोवती सगळी गल्ली जमायची. धुळाप्पा विटलेली कॉलर उसवून, उलटी करून परत शिवून घ्यायचा. दरसाल डिव्हिडंड आला की त्याचा एखाददुसरा शेअर. मधे कंपनीनं फुकटचे बोनस शेअर वाटले, तेही पेटीत. कुंडलिकनं विचारायचं सोडून दिलं, आणि धुळाप्पाला सांगायची सवय नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीनंतर दुकानात बातमी फुटली. धुळाप्पानं नोकरी सोडली. पेठेतच, जिन्याखालचा गाळा घेतला. दसऱ्याला स्वतःचं दुकान.

कुंडलिकनं त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "कुटनं आला रं पैसा?"

"लाईट कंपनी."

"समदे विकलेस?"

"न्हाय. वाढलेले विकले. मूळचे वीस ठेवलेत."

वीस. म्हणजे धुळाप्पाचे दहा आणि आपले दहा. कुंडलिकनं चहा अर्धाच खाली ठेवला. "त्यातले धा माजे हायेत," तो म्हणाला.

"हुते," धुळाप्पा म्हणाला. "त्याचं तू घड्याळ घेतलंस. किती वाजले, बघ बरं."

घड्याळ कधीचंच बंद पडलं होतं. शोभेला हातात असायचं. टपरीवाला खो खो हसला आणि ते हसणं कुंडलिकच्या कानात आठवडाभर वाजत राहिलं.

त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही. म्हैस माझी, रेडकं माझ्या म्हशीची, आणि गोठा त्याचा. बँकेवरून जाताना तो मान वळवायचा. घरात दिवा लावला तरी त्याला वाटायचं, चालला धुळाप्पाच्या घरात पैसा. वच्छला म्हणाली, "आवो, बिल तर आपणच भरतो की." त्यावर तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

अशात धुळाप्पा घरी आला. दसऱ्याची पहिली भवानी तुझ्या हातची पाहिजे, म्हणाला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि नव्या दुकानाची भवानी म्हणजे वर्षानुवर्षांचा शकुन. शेठ पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही, तोटा खाऊन विकायचा. उधार तर नाहीच. हे दोघांनाही पाठ.

"येतो की," कुंडलिक म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याचं ठरलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून जायचं, सगळे तागे उलगडायला लावायचे, आणि काही न घेता उठायचं.

दसऱ्याला सकाळी खिशात फक्त पानाचे पैसे ठेवून तो निघाला. गाळ्याला झेंडूचं तोरण. आत एक गादी, मागं तीन फळ्या. समई लावून दाक्षायणी कोपऱ्यात बसलेली. बाहेर पाचपन्नास ओळखीचे लोक. भवानी झाल्याशिवाय आत कुणी येईना.

"शर्टाचं दाव," कुंडलिक म्हणाला.

धुळाप्पानं तागा उलगडला. दुसरा. तिसरा. "ह्यात निळं न्हाय का?" निळं आलं. "लईच निळं." पट्टेवालं आलं. "ह्यो काय तुरुंगाचा माल हाय व्हय?" बाहेर लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. फळ्या रिकाम्या होत चालल्या, गादीवर कापडाचा ढीग झाला. धुळाप्पाच्या कपाळावर घाम होता, पण तो पुढचा तागा काढतच होता. अंगात तोच उलट्या कॉलरचा शर्ट. दुकान स्वतःचं, समोर एवढं कापड, आणि शर्ट तोच.

"न्हाय पटत," म्हणून कुंडलिक उठला. एक पाय चपलेत घातला.

मग कोपऱ्यातून दाक्षायणी म्हणाली, "भावजी, जावा खुशाल. पण च्या पिऊन जावा."

तिनं कप पुढं केला. हातात काचेच्या बांगड्या. पाटल्यांच्या जागी काहीच नाही. चौदा वर्षांत कुंडलिकनं तिकडं पाहिलंच नव्हतं.

"तुमच्या वच्छलावैनी नवी साडी नेसून टॉकीजला निघायच्या," ती हळूच म्हणाली, "तवा मी दार लावून घ्यायची. बघवायचं न्हाय. ह्यास्नी म्हनायची, ते माणसागत जगत्यात आन् तुमी मला कागद नेसवा. ह्यो रेडिओ कवा बंद पडतोय म्हनून देवाला नवस बोलले हुते मी."

"नवसानं बंद पडला व्हय त्यो," कुंडलिकच्या तोंडून निघून गेलं.

धुळाप्पा हसला. मग कापडाची घडी घालता घालता म्हणाला, "मला पाचव्या ताग्यालाच कळलं, तू घेणार न्हाईस. तूच शिकिवलंस की, घेणारं गिऱ्हाईक कापडाला हात लावून बघतंय. तू एकाबी ताग्याला बोट लावलं न्हाईस."

"मग दावत कशापायी बसलास?"

"मी बी बघत हुतो, तू किती जळालायस."

कुंडलिक चपलेतला पाय काढून खाली बसला. खिसा चाचपला. पानाचे पैसे आणि तळाशी राहून गेलेली दोन-तीन नाणी. त्यात काय येतं, हे त्याच्याइतकं नवी पेठेत कुणाला ठाऊक?

"खण हाय का?"

"हाय."

"त्यातला एक फाड. वैनीला."

धुळाप्पानं खणाचा तागा उचलला आणि तो, कात्री, मीटरपट्टी सगळं कुंडलिकपुढं सरकवलं. "तूच फाड. तुजा हात चांगला हाय."

कुंडलिकनं कडेला बारीक काप दिला आणि एका झटक्यात खण फाडला. धाग्याला धागा सरळ. बाहेरच्यांनी हुश्श केलं आणि चपला काढून आत शिरले. पैसे धुळाप्पानं कपाळाला लावून समईपाशी ठेवले. दाक्षायणीनं खण पदरात घेतला.

हेवा गेला का? कुठला जातोय. समोर गर्दी बघून कुंडलिक मनात एकेक गिऱ्हाईक मोजायला लागलाच.

"धुळाप्पा," तो म्हणाला, "त्ये धा कागद परत देनार न्हाईस नव्हं?"

"न्हाय."

"देऊ नगंस. मी परत विकंन." तो उठला, घड्याळ सवयीनं बघितलं आणि बाही खाली ओढली. "पर एक शब्द देतो तुला. हितनं फुडं जवाजवा जळंन, तवा हितं, तुज्या गादीवर बसून, तुज्या तोंडावर सांगून जळंन. घरात बसून जळणार न्हाय."