बाईंचा जबाब

कोर्टात आता एकच दुभाषीण उरली होती. सरकारने सगळा कारभार राजधानीच्या भाषेत चालवायचं ठरवलं आणि बाकीच्या दुभाष्यांना घरी बसवलं. हिला ठेवलं, कारण अजून काही म्हातारी माणसं साक्षीला यायची आणि त्यांना आपल्या भाषेशिवाय दुसरी येत नव्हती. ती माणसं गेली की आपलीही गच्छंती, असं ती नवऱ्याला हसत हसत सांगायची.

एक दिवस तिला आरोपीच्या पिंजऱ्यात तिच्या लहानपणच्या बाई उभ्या दिसल्या. बाईंनीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. शाळांमधून आपली भाषा हद्दपार झाली, तेव्हा बाईंनी घराच्या बाहेरच्या खोलीत वर्ग सुरू केला. आधी चारदोन टाळकी होती. मग खोली पुरेना, मुलं जिन्यात बसू लागली. शहरात आणखी कुठे कुठे तसेच वर्ग निघाले, तशी सरकारची झोप उडाली. बाईंवर देशात फूट पाडल्याचा आरोप ठेवला गेला.

बाईंना राजधानीची भाषा उत्तम येत होती. तरी त्यांनी आपल्याच भाषेत ठणकावलं, की मला दुभाषी हवा. न्यायाधीशांनी वैतागून हिच्याकडे बोट दाखवलं आणि वर्ग चालवला का, असं विचारलं.

"चालवला," बाई म्हणाल्या. "सुटले तर उद्याही चालवीन. पोरांना आपल्या आजीशी बोलता यावं हा गुन्हा असेल, तर मी तो पुन्हा करणार."

दुभाषीण उभी राहिली. असंच बोलून तुरुंगात गेलेल्या एका छापखानेवाल्याचं प्रेत नुकतंच घरी आलं होतं. बाईंना तर दमा. नुसतं उभं राहूनच त्यांना धाप लागली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "वर्ग चालवला, साहेब. चूक झाली. यापुढे चालवणार नाही."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोर्टात दोन्ही भाषा कळणारं त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं, आणि बाईंना शब्दन् शब्द कळला होता. त्यांनी चकार शब्द काढला असता, तर खोटं भाषांतर केलं म्हणून हिलाच पिंजऱ्यात उभं केलं असतं. न्यायाधीशांनी विचारलं, जबाब बरोबर आहे ना? तो प्रश्नही तिनेच बाईंना आपल्या भाषेत विचारला.

बाईंनी तिच्यावरची नजर काढून न्यायाधीशांकडे वळवली. मग म्हणाल्या, "हो."

त्यांना ताकीद देऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी सरकारी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बाईंचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत माफीची बातमी होती. वर्ग ओस पडला. एका मुलाचा बाप तर बाईंच्या दाराशी थुंकून गेला. बाईंनीच शेपूट घातली तर आपण कोण, असं म्हणत बाकीचे वर्गही एकेक करून बंद झाले. बाईंनी कुणाकडे खुलासा केला नाही.

दुभाषिणीला अन्न गोड लागेना. खरं सांगून टाकते, असं तिने नवऱ्यापाशी काढलं. तो म्हणाला, तू आत जाशील, बाईही पुन्हा आत जातील, आणि आपल्या पोरांकडे कोण बघणार? त्याचं काही चुकत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी ती बाईंकडे गेली. दार बाईंनीच उघडलं. मागे खोलीत सतरंज्या गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"बाई, मला तुम्हाला मरू द्यायचं नव्हतं हो," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि राजधानीच्या भाषेत, कचेरीतल्या माणसासारखं स्वच्छ, थंडपणे विचारलं, "आपलं काय काम होतं?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने आपल्या भाषेत पुन्हा हाक मारली, लहानपणी मारायची तशी. बाईंना धाप लागली होती, चौकट धरून त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा त्याच परक्या भाषेत म्हणाल्या, "माफ करा. ती भाषा आता या घरात चालत नाही."

ती वळली आणि जिना उतरू लागली. ती रस्त्यावर पोहोचली, तरी वर दार लागल्याचा आवाज आला नव्हता.